स्वतःचंच मन थाऱ्यावर नसताना दुसऱ्यांना धीर कसा द्यायचा?

पहाटवारा
लिहू की नको, लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहूनच टाकते. नवऱ्याचं आजारपण खूप लांबलंय. मधेच वाटतं आता सुटलो, आणि पुढच्या तपासणीला गेलं की परत तिथंच. त्यांचं काम बंद, माझं अर्धवेळ आहे त्यावर भागवायचं. असं कुणाच्या ना कुणाच्या घरी चालूच असतं त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही, माझा प्रश्न वेगळा आहे.

आमच्या चर्चच्या मंडळीत बायकांचा प्रार्थनेचा एक ग्रुप आहे, तो मी बरीच वर्षं बघते. कुणाच्या घरी दुखणं, कुणाची मुलगी संसार मोडून परत आलेली, कुणाचा मुलगा बोलत नाही, असं सगळं मनात घेऊन बायका येतात, आणि मी बायबलमधलं वचन वाचते, धीर धर म्हणते, प्रभू तुला टाकणार नाही म्हणते. आणि घरी येऊन रात्री स्वतः प्रार्थनेला बसले की शब्द फुटत नाही. विश्वास सोडलाय असं अजिबात नाही, देव आहे आणि तो भला आहे हे मी आजही मानते, पण आतून सगळं कोरडं पडलंय, जे वचन मी दुपारी दुसरीला ठामपणे सांगितलं तेच रात्री मला स्वतःला लागू होतंय असं वाटत नाही.

तर मग हे ढोंग झालं का? ग्रुप थोडे दिवस दुसऱ्या कुणाकडे द्यावा का? की तसंच रेटत राहायचं? ज्यांनी अशा काळात स्वतःही टिकून राहून दुसऱ्यांना सांभाळलंय त्यांनी प्लीज लिहा. नुसतं "देव सगळं ठीक करेल" एवढंच लिहू नका, ते मीच रोज कुणाला तरी सांगत असते.

सहप्रवासी
पहाटवारा ताई, ढोंग अजिबात नाही. आपल्याला जे पटतच नाही ते लोकांपुढे बोलून दाखवलं तर त्याला ढोंग म्हणतात. तुम्हाला पटलेलं आहे, फक्त आज ते जाणवत नाहीये, आणि जाणवत नसतानाही तुम्ही त्याला धरून आहात. मला विचाराल तर एकनिष्ठ राहणं ह्यालाच म्हणतात, सगळं जाणवत असताना धरून राहण्यात फार काही लागत नाही.

बायबलमधलं, प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस लिहिलेलं पत्र आपण आनंदाचं पत्र म्हणून वाचतो. तो बेड्यांत असताना लिहिलंय, आणि पानापानावर आनंद करा आनंद करा आहे. पण दुसरा अध्याय जरा सावकाश वाचा. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीतच्या हाती मदत पाठवली होती, तो तिथं येऊन इतका आजारी पडला की मरायला टेकला, आणि तो वाचला तेव्हा पौल काय लिहितो, की देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. म्हणजे एक दुःख आधीचं होतंच! ज्या पत्रात तो दुसऱ्यांना आनंद करा म्हणतोय त्याच पत्रात हेही लिहून मोकळा होतो, लपवत नाही.

आणि करिंथच्या मंडळीला त्याने लिहिलेलं दुसरं पत्र, २ करिंथकरांस, त्याचा पहिलाच अध्याय बघा. सुरुवातीला म्हणतो की देव आमचं सांत्वन करतो ते आम्ही दुसऱ्यांचं सांत्वन करावं म्हणून. हे वाक्य आपण सगळीकडे वापरतो. पण त्याच्यानंतर चारपाच ओळींतच तो सांगतो की आसिया प्रांतात आमच्यावर असा भार पडला की जगण्याचीसुद्धा आशा सोडली होती. हे दोन्ही एकाच माणसाने एकाच पत्रात, एकमेकांना लागून लिहिलंय. आधी माझं सगळं नीट होऊ दे मग मी दुसऱ्याला धीर देईन असा क्रम तिथं कुठंच नाहीये.

रानपाखरू
सहप्रवासी +१.
ताई एक विचारते, राग मानू नका. झोप होते का रात्री? पेशंटजवळ दुसरं कुणी बसायला आहे का?

हे विचारायचं कारण म्हणजे बायबलमधला एलीया संदेष्टा. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम झालं आणि लगेच ईजबेल राणीची धमकी आली तसा तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसून म्हणाला बस झालं, आता माझा जीव घे. देवाने तेव्हा त्याला उपदेश नाही केला. आधी झोपू दिलं. मग देवदूताने हलवून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलेलं होतं. खाल्लं, परत झोपला. परत उठवलं, परत खायला लावलं, कारण पुढची वाट तुला झेपायची नाही म्हणून. आणि मग कितीतरी दिवसांनी होरेब डोंगरावर बोलणं झालं. मला हा भाग फार आवडतो कारण आपण आध्यात्मिक कोरडेपणा म्हणून जे घेऊन बसतो त्यातलं निम्मं कधीकधी थकवा असतो, आणि थकव्यावर वचन वाचून उपयोग नसतो, झोपावं लागतं.

उंबरठा
मी थोडं वेगळं लिहितो. सगळे म्हणतील ताई तुम्ही ग्रुपमध्ये मोकळेपणाने सांगा, रडा, तेच प्रामाणिक. मला ते सरसकट पटत नाही. आजकाल मनात आलेलं सगळं सगळ्यांसमोर उघडं केलं तरच माणूस खरा असं झालंय.

बायबलमधलं स्तोत्र ७३ बघा, आसाफ नावाच्या भक्ताचं आहे. वाईट माणसांचं सगळं छान चाललंय आणि मी आपलं मन शुद्ध ठेवलं ते फुकटच, इथपर्यंत तो पोचला होता. पण मधेच एक वाक्य आहे की मी हे असं बोलत सुटलो असतो तर तुझ्या लेकरांशी बेइमानी झाली असती. म्हणजे शंका होती, ती त्याने देवापुढे पूर्ण मांडली, नंतर गाऊन पण ठेवली, पण अगदी कडेलोटावर उभा असताना चारचौघांत बोलला नाही. का, तर ऐकणाऱ्यांत कुणी त्याच्याहून कमजोर असेल. ताईंच्या ग्रुपमध्ये जी मुलगी संसार मोडून आलीय ती कदाचित ताईंच्या विश्वासाकडे बघूनच उभी असेल. तिच्यासमोर सगळं ओतलं तर ताईंना हलकं वाटेल, पण तिचं काय?

रेटत राहा असं म्हणत नाहीये. कुणाला सांगायचं हे बघून सांगा, एवढंच म्हणतोय.

निळाई
उंबरठा दादा, मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण ह्याच विचाराने कितीतरी पाळकांच्या बायका, ग्रुप चालवणाऱ्या बायका आतल्या आत संपतात हेही खरं आहे ना. त्यांनी कुणाला सांगायचं? त्यांच्यावरचं कुणी असतं तरी का? आणि गेथशेमाने बागेत प्रभू येशूने स्वतः शिष्यांना सांगितलंय की माझा जीव मरणप्राय दुःखी झालाय, तुम्ही इथं थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा. तो तर सगळ्यांचा आधार होता. त्याने नाही का कमजोर लोकांसमोर सांगितलं? ते झोपले सुद्धा!

उंबरठा
निळाई, बरोबर, पण तिथं बघा ना, सगळ्या शिष्यांना एका ठिकाणी बसवून पेत्र, याकोब आणि योहान एवढ्या तिघांनाच पुढे नेलं आणि ते वाक्य त्यांना सांगितलं. माझं म्हणणं तेच आहे. कुणालाच सांगू नका असं नाही, ज्यांना पेलेल अशा दोघातिघांना सांगा.

निळाई
हं, हे मात्र पटलं.

जुनी वही
ताई, मी बरीच वर्षं वॉर्डात नर्स होते. पेशंटच्या नातेवाइकांना धीर देणारी माणसं रोज बघितली आहेत त्यामुळे थोडं लांब लिहिते, कारण तुमच्या दोन्ही बाजूंना ते लागू आहे, तुम्ही धीर देणाऱ्या पण आहात आणि तुम्हाला धीर हवा पण आहे.

यिर्मया संदेष्ट्याची गोष्ट आठवा, ३८ वा अध्याय. इ.स.पू. ५८७ च्या सुमाराची, यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, शहरात खायला संपत आलेलं. यिर्मया खरं बोलतो म्हणून सरदारांनी त्याला दोरांनी एका टाक्यात सोडलं. पाणी नव्हतं, नुसता चिखल, आणि तो त्यात रुतत चाललेला. राजवाड्यातला एक कूशी (कूश देशातला) अधिकारी, एबद-मलेख, परदेशी माणूस, तो सरळ राजाकडे गेला आणि म्हणाला हे वाईट केलंय, हा माणूस तिथं उपाशी मरेल. राजाने माणसं दिली. आता पुढचं बघा. तो थेट टाक्याकडे नाही गेला. आधी राजवाड्यातल्या भांडाराखालच्या खोलीत गेला, तिथून जुने फाटके कपडे, चिंध्या घेतल्या, आणि त्या दोरांनी खाली सोडून यिर्मयाला वरून सांगितलं की ह्या काखेत घाल आणि मग त्यावर दोर घे. मग वर ओढलं.

त्या चिंध्या नसत्या तरी तो वर आलाच असता. पण दोर काखेत रुतून सोलपटून निघाला असता. एवढ्या घाईत, एवढ्या धोक्यात, वेढा पडलेल्या शहरात एका माणसाला हे सुचलं की ओढताना ह्याला लागेल. माझ्या मते धीर देणं म्हणजे हेच, वचन खरं असतं पण ते दुखऱ्या जागेवर तसंच आवळलं तर कापतं.

वॉर्डात काय व्हायचं, लोक यायचे, पाच मिनिटं उभे राहायचे, "देवाची इच्छा", "सगळं चांगल्यासाठीच होतं", "तुमचा विश्वास वाढावा म्हणून हे आलंय" असं म्हणून जायचे. वाक्यं चुकीची नसतील कदाचित, पण ती बाई दोन रात्री खुर्चीत बसून असायची. आणि एखादी यायची ती काही बोलायची नाही, पेशंटच्या उशाचा टॉवेल बदलायची, हिला म्हणायची तू जा, तोंड धू, जरा आडवी हो, मी बसते तोवर. आणि मग जाताना हळूच एखादं स्तोत्र वाचून जायची. ते स्तोत्र मात्र मनात राहायचं, मला स्वतःलाच राहिलेली आहेत त्यातली काही.

बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाच्या मित्रांना आपण नावं ठेवतो, पण त्यांनी पहिलं काम योग्य केलं होतं. सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि त्याचं दुःख बघून एक शब्द बोलले नाहीत. बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

अजून एक, "काही लागलं तर सांग" हे वाक्य बोलणाऱ्याला बरं वाटतं, ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो कारण थकलेल्या माणसाला काय लागतंय हे शोधून, मग कुणाला सांगायचं ते ठरवून, मग फोन करायचं बळ नसतं. त्यापेक्षा "गुरुवारी संध्याकाळी मी येऊन बसते, तू झोप" असं सांगावं. तिला फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं.

पहाटवारा
सगळ्यांचे मनापासून आभार. जुनी वही ताई, ते चिंध्यांचं मी कितीदा तरी वाचलं असेल पण कधी तिथं थांबले नव्हते, आज वाचताना डोळ्यांत पाणी आलं.

रानपाखरू, झोप नाही होत हे खरं आहे. रात्री दोनदा तरी औषधासाठी उठावं लागतं आणि मग डोळा लागत नाही. बसायला माणूस तसं नाही. म्हणजे विचारलं तर कुणी येईल, पण मीच विचारत नाही. इतकी वर्षं मीच लोकांकडे जाणारी, आता आपण कुणाला बोलवायचं हे जमतच नाही.

सहप्रवासी
विचारायलाच हवं ताई. पौलाने तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र, २ तीमथ्य, त्याचा शेवटचा अध्याय वाचा, पौलाचं शेवटचं पत्र मानतात ते. आपण त्यातलं "मी धाव संपवली आहे, विश्वास राखला आहे" एवढंच पाठ करतो. पण त्याच्या खालीच काय काय आहे! देमास मला सोडून गेला, लूकच तेवढा माझ्याजवळ आहे, तू लवकर ये, येताना मार्काला घेऊन ये, त्रोवसात कार्पाकडे माझा झगा राहिलाय तो आण, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं आण, आणि हिवाळ्याच्या आत यायचं बघ. तुरुंगात थंडी वाजते म्हणून झगा मागतोय तो! विश्वास राखला म्हणणारा माणूस दहा ओळींच्या आत अंगावर घ्यायला मागतोय आणि सोबत मागतोय. त्याला ह्यात काही कमीपणा वाटला नाही.

त्याच पत्रात पहिल्या अध्यायात अनेसिफर नावाचा माणूस आहे. तो रोममध्ये आला तेव्हा पौलाला कसून शोधत फिरला आणि सापडवला, त्याच्या बेड्यांची लाज धरली नाही. काय उपदेश केला ते लिहिलेलंच नाही. शोधत आला आणि वारंवार येऊन मन ताजंतवानं केलं, एवढंच पौलाच्या लक्षात राहिलं.

उंबरठा
ह्यात एक भर घालतो. अमालेकी लोकांशी लढाई चालू असताना मोशेचे हात वर असले की इस्राएल जिंकायचं आणि खाली आले की हरायला लागायचं. मोशेने अजून प्रार्थना करायची, अजून ताकद लावायची असं काही झालं नाही. हात जड झाले. तेव्हा अहरोन आणि हूर ह्यांनी आधी एक दगड आणून त्याला खाली बसवलं, आणि मग एक इकडून एक तिकडून हात धरले, सूर्य मावळेपर्यंत. ताई, तुम्ही ग्रुप सोडायची गरज नाही असं मला वाटतं, पण उभं राहूनच चालवायला हवा असंही नाही. ग्रुपमधल्या दोन वयस्क, शांत बायका निवडा, त्यांना सगळं खरं सांगा, आणि एक आठवडा तुम्ही एक आठवडा त्या असं करा.

इंद्रायणीकाठ
मी तुमच्या मंडळीतला नाही, घरात वारकरी परंपरा आहे, पण धागा वाचत होतो आणि लिहावंसं वाटलं. चालेल ना?

तुकोबांच्या घरात १६३० च्या आसपासच्या दुष्काळात पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. त्यानंतरचे त्यांचे अभंग वाचले तर त्यात गोड भक्तीच आहे असं नाही, विठ्ठलाशी चक्क भांडण आहे, तू निष्ठुर आहेस म्हणून, माझ्यापुरता देव मेला इथपर्यंत. पण ते भांडण कुणाशी, तर त्याच्याशीच! पाठ फिरवून दुसरीकडे जाऊन नाही भांडले. आणि त्याच माणसाने वडिलांच्या सावकारीची कागदपत्रं, आपल्या वाट्याची, इंद्रायणीत सोडून दिली असं सांगतात, म्हणजे स्वतः होरपळलेला असताना दुसऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. ताई म्हणतात तो कोरडेपणा मला त्यामुळे परका वाटत नाही. रात्री शब्द फुटत नसतील तर भांडा की त्याच्याशी, ते पण बोलणंच आहे.

पहाटवारा
चालेल काय, बरं वाटलं तुम्ही लिहिलंत. दारावर पाटी नाहीये इथं.

निळाई
इंद्रायणीकाठ, आमच्याकडे पण आहे हे. दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी तक्रारीची आहेत, आणि स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत वर येतच नाही, अंधारातच संपतं, "तरी मी तुझी स्तुती करीन" असा शेवट सुद्धा नाही. तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही. ताई, स्वतःचे शब्द नसतील तर हे मोठ्याने वाचा रात्री, वाचून झोपा, त्याला शेवट जोडत बसू नका.

आणि पंडिता रमाबाईंचं पण आठवलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आईवडील गमावले, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला, मांडीवर लहान मुलगी. आणि १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आपल्याकडे घेऊन आल्या. भूक काय असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं, म्हणून त्या गेल्या. सहप्रवासींनी करिंथकरांसचं जे लिहिलंय ते मला त्यांच्यात दिसतं.

कोवळी पालवी
पहिल्यांदाच लिहितोय इथे. वय २४. वर्षभरापूर्वी वडील गेले. त्यांच्यासाठी सगळ्या मंडळीने उपासप्रार्थना केली होती, लोक म्हणत होते आम्हाला आतून खात्री मिळालीय ते बरे होणार. नाही झाले. तेव्हापासून मी जातो रविवारी, आईसाठी जातो, पण आत काही नाही. तुम्ही सगळे म्हणताय धरून राहा, पण माझ्या हातात धरायला काही उरलंय का तेच कळत नाही. मला उत्तर नकोय खरंतर. फक्त एवढं विचारायचंय की असा माणूस तुमच्यात बसलेला चालतो का?

जुनी वही
चालतो रे बाळा. बस.

आणि ज्यांनी खात्री मिळाली म्हणून सांगितलं त्यांनी ते प्रेमानेच सांगितलं असेल, पण देवाने न दिलेला शब्द त्यांनी तुझ्या हातात दिला, आणि तो खोटा ठरला त्याचा भार तुझ्यावर आला. तो भार तुझा नाही. धीर देणाऱ्या सगळ्यांनीच हे जपायला हवं, बरं होईल असं वचन आपल्या खिशातून काढून द्यायचा आपल्याला अधिकार नाही. मी सोबत आहे एवढं आपण देऊ शकतो, कारण ते आपल्या हातात असतं.

सहप्रवासी
पालवी, बाप्तिस्मा करणारा योहान. ज्याने यर्देन नदीवर येशूकडे सगळ्यांना बोट दाखवून सांगितलं की हाच तो, तोच पुढे हेरोदाच्या तुरुंगात असताना शिष्यांना पाठवून येशूला विचारतो, जो येणार होता तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट बघू? एवढा मोठा संदेष्टा आणि असा प्रश्न. येशू रागावला नाही. जे ऐकता आणि बघता ते जाऊन योहानाला सांगा म्हणाला, आंधळे बघतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. आणि ते शिष्य गेल्यावर, योहान ऐकायला नसताना, लोकांपुढे त्याचं इतकं कौतुक केलं की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत ह्याच्याहून मोठा कुणी झाला नाही. ज्या दिवशी त्याने शंका विचारली त्याच दिवशी.

योहान त्या तुरुंगातून सुटला नाही हेही लिहून ठेवतो, कारण तुझ्याशी अर्धवट बोलायचं नाहीये. का सुटला नाही ह्याचं उत्तर तिथं दिलेलं नाही. पण त्याचा प्रश्न योग्य माणसाकडे गेला होता, आणि त्याची माणसं त्याच्याकडे तुरुंगात ये-जा करत राहिली होती.

पहाटवारा
पालवी, तुझं वाचून माझा प्रश्नच जरा बदलला. मी विचारत होते की मी रिकामी असताना देऊ का. आणि तू म्हणतोयस उत्तर नको, बसू द्या. बसायला जागा तर मी रिकामी असले तरी देऊ शकते ना. आमच्या ग्रुपमध्ये पण कदाचित अर्ध्या जणी हेच मागत असतील आणि मी वचन शोधत बसते.

रानपाखरू
ताई अगदी! पौलाच्या १ थेस्सलनीकाकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात हेच वेगवेगळं करून दिलंय की. जे बेशिस्त वागतात त्यांना ताकीद द्या, जे खचलेत त्यांना धीर द्या, जे दुबळे आहेत त्यांना आधार द्या, आणि सहनशील सगळ्यांशीच राहा. आपण काय करतो, खचलेल्याला ताकीद देतो! "विश्वास कमी पडतोय तुझा" हे खचलेल्या माणसाला सांगायचं वाक्यच नाही.

आणि बोलण्यापेक्षा करून दाखवणं. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाचा २७ वा अध्याय, वादळात जहाज, चौदावी रात्र, २७६ माणसं, वाचायची आशाच सोडलेली. कुणी धड जेवलेलं नाही. पौलाने जे सांगायचं ते सांगितलंच, पण मग सगळ्यांसमोर भाकर घेतली, आभार मानले, मोडली आणि स्वतः खायला लागला. तेव्हा बाकीच्यांना धीर आला आणि तेही जेवले. जहाज त्यानंतर फुटलंच बरं का, पण माणसं सगळी किनाऱ्याला लागली.

कोवळी पालवी
धन्यवाद सगळ्यांना. योहानाचं मला असं कुणी सांगितलं नव्हतं. स्तोत्र ८८ वाचलं आत्ता. बरं वाटलं असं नाही म्हणणार, पण निदान हे कुणीतरी लिहून ठेवलंय हे कळलं.

पहाटवारा
अपडेट देते. ग्रुपमधल्या दोघींना घरी बोलावलं आणि सगळं सांगितलं, उंबरठा दादा म्हणाले तसं. एकीने तिथल्या तिथे फोन काढून वार लावले, आठवड्यात दोन रात्री तिचा मुलगा येऊन ह्यांच्याजवळ थांबणार, औषधाच्या वेळा त्याने स्वतःच्या हाताने कागदावर लिहून घेतल्या आणि तो कागद कपाटाच्या दाराला चिकटवला. पहिल्या रात्री मी सलग झोपले. ह्यांची तब्येत तशीच आहे, रिपोर्टमध्ये फरक नाही. प्रार्थना अजून छोट्याच होतात. पण दुसरी म्हणाली की तू येऊन नुसती बस ग्रुपमध्ये, ह्यावेळी मी वाचते. आणि ती वाचत असताना मी कितीतरी दिवसांनी नुसती ऐकणारी होते.

आता एक विचारायचंय जुनी वही ताईंना. सुरुवातीला सगळे येतात, मग हळूहळू कमी होतात. लांबलेल्या आजारपणात लोकांनी टिकून राहावं ह्यासाठी काय करता येतं? आमच्या ग्रुपमध्ये अशा अजून दोन घरांत चालू आहे, त्यांच्यासाठी पण हवंय.

जुनी वही
फार छान झालं ताई, त्या मुलाचं विशेष कौतुक.

टिकण्याचं म्हणशील तर मला दिसलेलं सांगते. सुरुवातीलाच सगळ्यांनी एकदम धावू नये. मदतीला चार घरं असतील तर वार वाटून घ्या, एका घराकडे एकच काम, कुणी रात्र, कुणी कागदपत्रं आणि रांगा, कुणी मुलांचा अभ्यास. जो जास्त करतो तो लवकर गळतो, मग त्याला लाज वाटते आणि तो फोन पण बंद करतो. त्यामुळे झेपेल तेवढंच घ्या असं आधीच मोकळेपणी सांगा. कुणाला मधेच थांबावं लागलं तर थांबू द्या आणि त्याच्याशी बोलणं चालू ठेवा.

आणि तारखा लिहून ठेवा. तपासणी कधी आहे, रिपोर्ट कधी येणार, ऑपरेशनला वर्ष कधी होतंय, कुणी गेलं असेल तर तो दिवस, त्यांचा वाढदिवस. पालवीच्या आईसारखी माणसं असतात, पहिले काही दिवस घर भरलेलं असतं आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात फोन वाजत नाही, तेव्हा खरी गरज असते. त्या दिवशी लांबलचक मेसेज नको, फॉरवर्ड तर नकोच नको, "आज त्यांची आठवण आली, त्यांचं नाव घेऊन प्रार्थना केली" एवढं पुरे, आणि गेलेल्याचं नाव घ्यायला घाबरू नका, लोकांना वाटतं नाव काढलं तर आठवण होईल, अगं ते विसरलेलेच नसतात.

त्या दोन घरांपैकी आधी ज्यांच्याकडे रात्रीचं माणूस नाही तिथून सुरू कर. आणि हे वार वाटायचं काम तू स्वतःकडे घेऊ नकोस, ज्या बाईने फोन काढून तारखा लावल्या ना, तिलाच दे.